तळमजला आणि चढता रस्ता

कोपऱ्यावर पाटी लागली त्या सकाळी चष्मेवाले अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर धावले. डाव्या गालावर फेस, उजवा गाल गुळगुळीत, खांद्यावर टॉवेल आणि नाकावर स्वतःच्याच दुकानातला चष्मा. दूधवाला नुसतं "रस्ता होणार म्हणे" एवढंच म्हणाला होता. पण हे शब्द कानावर पडले की चष्मेवाल्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. इतरांना रस्ता होणार म्हटल्यावर आनंद होतो. चष्मेवाले तळमजल्यावर राहायचे.

पाटी निळी होती. 'आपल्या सोयीसाठी या रस्त्याचे काँक्रिटीकरण व उंची वाढवण्याचे काम लवकरच सुरू होत आहे. कृपया सहकार्य करावे.'

"आपल्या!" चष्मेवाले पाटीवर ओरडले. "आपल्या म्हणजे कोणाच्या?"

पाटी काही बोलली नाही. शेजारी उभा असलेला इस्त्रीवाला मात्र म्हणाला, "सगळ्यांच्याच की. काका, तुमचा फेस वाळतोय."

चष्मेवाल्यांचा राग समजून घ्यायचा तर या रस्त्याची सवय माहीत हवी. दर काही वर्षांनी हा रस्ता नवा व्हायचा. नवा म्हणजे जुन्याच्या अंगावर आणखी एक थर. जुना खरवडून काढायचा असतो ही गोष्ट कंत्राटदारांच्या कानावर कधी गेलीच नव्हती, किंवा गेली असेल तर त्यांनी ती मनाला लावून घेतली नव्हती. चष्मेवाल्यांनी घर घेतलं तेव्हा ते चांगल्या ऐटदार पायऱ्या चढून घरात जायचे. पुढे रस्त्याने खालची पायरी गिळली, मग तिच्या वरची, मग उरलेली. आता घरात जायचं तर उतरावं लागायचं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडायचं. रस्ता वर आला की ते अडायचं, आणि दर वेळी वेल्डरला बोलावून त्याचा खालचा भाग कापावा लागायचा. कापून कापून त्या फाटकाची अर्धी चड्डी झाली होती.

बैठकीच्या खिडकीतून पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे दिसायचे. मग पोटं दिसायला लागली. हल्ली फक्त चपला. चष्मेवाले चहा पीत बसले की एखादं कुत्रं समोर येऊन थांबायचं आणि बरोबरीच्या नात्याने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं. हा अपमान त्यांना सर्वांत जास्त झोंबायचा. जन्मभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून "आता दिसतं? आता? आणि आता?" असं विचारलेल्या माणसाला एका कुत्र्याने तपासावं!

आणि पाणी. जोराचा पाऊस आला की रस्त्यावरचं पाणी आधी त्यांच्याकडे यायचं, मग गटाराचा रस्ता विचारायचं. बायको कपाटांखाली विटा लावायची. तिचा उजवा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरत होता आणि डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितली होती. आता रस्ता अजून वर जाणार म्हणजे स्वतःच्या घरात शिरायला शिडी लावायची वेळ येणार होती.

"मी आजच जातो ऑफिसात," घरी येऊन चष्मेवाले म्हणाले.

"आधी उरलेली दाढी करा," बायको म्हणाली. "एका बाजूने शहाणे दिसता."

ऑफिसात जाण्याआधी इमारतीतल्या लोकांना बरोबर घ्यावं, असा सज्जन विचार त्यांच्या मनात आला. सज्जन विचारांनीच पुढचा सगळा घोळ झाला.

पहिल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि कोणाचंही म्हणणं पुरतं ऐकून घेण्याआधी लाइन तोडायची त्यांची सवय टिकून होती.

"रस्ता वर आला तर वाईट काय?" ते म्हणाले. "मला तर उलट जवळ पडेल."

दुसऱ्या मजल्यावर वकील. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि बोट वर केलं. "अर्ज करू नका. हरकत घ्या."

"फरक काय?"

"अर्ज करणारा मागतो, हरकत घेणारा अडवतो. फार मोठा फरक आहे. मी तुमच्या जागी असतो तर हरकत घेतली असती."

"मग तुम्हीच चला ना बरोबर."

"मी तुमच्या जागी नाहीये," वकील म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

तिसऱ्या मजल्याला कुलूप होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची गच्चीवर बाग होती. त्यांनी चष्मेवाल्यांना पाणी दिलं, श्वास मोजायला लावला आणि रागाने रक्त कसं आंबट होतं ते समजावलं. "राग सोडून द्या," त्या म्हणाल्या. "तो रस्ता आहे. त्याला वाढू द्या. सगळंच वाढतं."

चष्मेवाले रक्त आणखी आंबट करून खाली उतरले. सगळे जिने उतरून, रस्त्यावरून वळसा घालून घरात शिरायला आणखी उतरावं लागलं, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात चारही मजल्यांना एक शब्द वापरला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

रस्ते विभाग महापालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. इंजिनिअर तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, आवाज मऊ. त्याने खुर्ची दिली. चष्मेवाल्यांना हे मुळीच आवडलं नाही. उर्मट माणसावर ओरडता येतं. मऊ माणसावर ओरडलं की आपणच गावंढळ ठरतो.

"काका, रस्ता वर येत नसतो," इंजिनिअर म्हणाला. "रस्ता लेव्हलला असतो."

"कुठल्या लेव्हलला?"

"जी असेल त्या."

"अहो, मी पूर्वी पायऱ्या चढून घरात जायचो. आता उतरून जातो. हे कसं झालं?"

"हं." इंजिनिअरने पेन्सिल फिरवली. "रस्ता तर लेव्हलला आहे. मग राहिलं काय?"

"म्हणजे माझं घर खाली गेलं म्हणता?"

"मी नाही म्हटलं, काका. तुम्ही म्हणालात."

चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर हात आपटावा म्हणून त्यांनी तो उचललाही. पण टेबलावर नेमका गरम चहाचा कप ठेवलेला होता, आणि तो त्यांच्यासाठीच मागवलेला होता. त्यांनी हात खाली घेतला, चहा प्यायला आणि त्या चहाबद्दल स्वतःला पुढे आठवडाभर माफ केलं नाही.

"लेखी तक्रार द्या," इंजिनिअर दारापर्यंत सोडायला आला. "तळमजल्यावर खिडकी आहे."

खिडकीमागच्या कारकून बाईंसमोर संगणक होता. मागे रांग होती आणि रांगेतला प्रत्येकजण चष्मेवाल्यांच्या मानेवर श्वास सोडत होता.

"विषय?" बाईंनी विचारलं.

"रस्त्याची उंची वाढली."

बाईंनी पडदा वरखाली केला. "रस्त्यात खड्डा आहे, दिवा आहे, मोकाट जनावर आहे, अतिक्रमण आहे. उंची नाही."

"अहो, पण माझी तक्रार उंचीचीच आहे."

"संगणकात नाही म्हणजे नाही. खड्डा टाकू?"

"खड्ड्याच्या उलट आहे ते!"

"आवरा की काका!" मागून कोणीतरी ओरडलं. "आम्हालाही घरं आहेत."

बाईंना दया आली. "तुमचं घर रस्त्याच्या खाली आहे ना? मग 'इमारत खचणे' यात बसतंय बघा. टाकू का? कोणीतरी बघायला तरी येईल."

कोणीतरी बघायला येईल. एवढ्या एका वाक्यावर चष्मेवाले भुलले. एकदा का सरकारी माणूस दारात उभा राहिला की त्याला खिडकीला टेकलेला रस्ता आणि तिच्यासमोरचं कुत्रं दिसेलच, मग विषयाला काय करायचंय? "टाका," ते म्हणाले, आणि विजयी मुद्रेने रांगेकडे बघून बाहेर पडले.

कोणीतरी खरंच आलं. तिपाई, दुर्बीण आणि मोठी पट्टी घेऊन दोन माणसं आली. चष्मेवाल्यांनी त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या चपला दाखवल्या, फाटकाची अर्धी चड्डी दाखवली, कपाटाखालच्या विटाही दाखवल्या. ते मान डोलावत होते. मग एकाने रस्त्यावर तिपाई लावली, दुसरा बैठकीत पट्टी धरून उभा राहिला.

"जमीन रस्त्याच्या बरीच खाली आहे," दुर्बिणवाला म्हणाला.

"बघा! मी हेच सांगतोय!" चष्मेवाल्यांना त्याला मिठी मारावीशी वाटली.

"इमारत खचलीय," दुर्बिणवाल्याने वहीत लिहिलं.

"अहो, इमारत नाही, रस्ता! रस्ता वर आलाय!"

"रस्ता आमच्याकडे नसतो. आमच्याकडे इमारती." त्याने तिपाई मिटली. "दोघांत अंतर पडलं की आमच्या हिशेबाने इमारतच हलते."

काही दिवसांनी सकाळी फाटकाशेजारच्या भिंतीवर लाल पाटी ठोकलेली दिसली. 'ही इमारत खचलेली व राहण्यास धोकादायक आहे. रहिवाशांनी त्वरित रिकामी करावी. पाण्याची जोडणी तोडण्यात येईल.'

त्या सकाळी इमारतीत जे झालं त्याला सभा म्हणायचं की हल्ला, यावर चष्मेवाल्यांचं आणि सेक्रेटरींचं आजही एकमत नाही. सगळे पार्किंगमध्ये जमले होते. पायजमे, गाउन, एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हाताचं बोट चष्मेवाल्यांकडे.

"माणसाला स्वतःचं घर बुडवायचं असेल तर बुडवावं," सेक्रेटरी गरजले. "चार मजले घेऊन कशाला बुडता?"

"मी आधीच सांगितलं होतं, हरकत घ्या," वकील म्हणाले. "हे तक्रार देऊन बसले."

"तुम्ही अर्ज आणि हरकत म्हणाला होतात. तक्रारीचं नाव नव्हतं घेतलं!"

"प्रत्येक मूर्खपणाची यादी मी आधी देऊ शकत नाही."

पण सगळ्यांत वरचा सूर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा होता. राग सोडून द्यायचा कसा हे त्यांनी त्या सकाळी प्रात्यक्षिक करून दाखवलं. त्यांनी तो सगळा चष्मेवाल्यांवर सोडला. कुंड्या कुठे नेऊ, गुलाब कुठे नेऊ, त्यांच्या मुळांना काय सांगू, असं विचारत त्या इतक्या ओरडल्या की रस्त्यावरची माणसं वाकून वाकून खाली बघायला लागली.

चष्मेवाल्यांना राग इतका आला होता की कोणापासून सुरुवात करावी तेच सुचेना. शेवटी त्यांची बायको गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आली.

"झालं का सगळ्यांचं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तुमच्यापैकी एकजण तरी खाली उतरला होता का? आज पाटी लागली तर सगळे पायजम्यात धावत आलात. यांचं चुकलंय, मला ठाऊक आहे. मी घरात यांना सोडणार नाहीये. पण यांना बोलायचा हक्क माझा आहे. तुमचा नाही."

सभा किंवा हल्ला, जे काही होतं ते तिथे संपलं. घरात शिरल्यावर तिने शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले पुन्हा खिडकीवर. "तक्रार मागे घ्यायचीय."

"घेता येते," कारकून बाई म्हणाल्या. "पण इमारत खचल्याचं नोंदलंय. खचणं मागे घेता येत नाही."

इंजिनिअरने पुन्हा खुर्ची दिली. चष्मेवाले उभेच राहिले. चहा आला, त्यांनी तो लांब सरकवला. एवढं तरी ते शिकले होते.

"इमारत विभागाचं मी काय करणार, काका?" इंजिनिअर खरोखर दुःखी दिसत होता. "मात्र रस्त्याचं काम वेळेवर होईल, ती काळजी करू नका."

त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये विकासक अवतरले. लाल पाटीचा वास त्यांना कुठून लागला कोण जाणे. पांढरे बूट, सोबत दोन मदतनीस आणि मदतनिसांच्या हातात काचेची पेटी. पेटीत एक इमारत होती. उंच, सडपातळ, पायाशी कापसाची झाडं आणि झाडांखाली नखाएवढी हसरी माणसं. सगळ्यांना मोठी घरं, सगळ्यांना लिफ्ट, गच्चीवर बाग.

"गच्चीवर बाग?" काकूंचा आवाज एकदम मधाळ झाला.

त्या क्षणापासून चष्मेवाल्यांचं नशीब पालटलं, आणि त्यांना हे पहिल्यापेक्षा जास्त असह्य झालं. सेक्रेटरींनी त्यांना जिन्यात हात धरून थांबवलं आणि ते म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला. आम्हाला वाटलं तुम्ही चिडके. तुम्ही तर दूरदृष्टीचे निघालात." वकिलांनी त्यांची ओळख "ज्यांनी आपली इमारत धोकादायक करून आणली ते" अशी करून दिली. काकूंनी केक पाठवला. शिव्या खाऊन ज्या माणसाचा चेहरा बदलला नव्हता तो या कौतुकाने लालबुंद झाला. त्यांनी केक परत पाठवला. वाटेत जिन्यात सेक्रेटरींनी तो खाल्ला.

"चौदावा मजला देतायत आपल्याला," बायको त्या रात्री जेवताना म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. "लिफ्ट आहे. पावसाचं पाणी तिथवर येणार नाही."

"तुला जायचंय?"

तिने त्यांच्या पानात भात वाढला. "मला कोरडं घर हवंय. ते कुठल्या मजल्यावर असावं, यावर मी भांडणार नाही. पण या लोकांनी आपल्याला आपल्या घरातून हुसकावून चौदाव्यावर चढवायचं आणि वर आपण आभार मानायचे, हे मला नाही पटत." मग भाताचा डबा जोरात बंद करून म्हणाली, "घर खचलंय म्हणे! माझ्या भिंतीला एक तडा दाखवा म्हणावं."

चष्मेवाले जेवताजेवता थांबले. तडा. भिंती कोणी बघितल्याच नव्हत्या.

रविवारी जुनी इमारत पाडून नवी बांधायच्या करारावर सह्या करायची सभा ठरली. विकासकांना नव्या रस्त्याची उंची नक्की किती हे माहीत करून घ्यायचं होतं, म्हणून सेक्रेटरींनी इंजिनिअरलाही बोलावलं होतं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, मध्ये काचेची पेटी. विकासक हात हलवत समजावत होते. कुठे लिफ्ट, कुठे गाड्या, कुठे जिना.

चष्मेवाले मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. पेटीकडे बघता बघता त्यांची नजर इमारतीच्या तळाशी थांबली. भिंगांच्या धंद्यातल्या माणसाची नजर. ते उठले, पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पेटीला नाक लावलं.

"ही इमारत रस्त्यापेक्षा एवढी उंच का?"

"जोतं उंच घेतलंय, साहेब," विकासक अभिमानाने म्हणाले. "चांगलं पुरुषभर."

"का?"

"रस्ता वर येतो ना, साहेब. दर खेपेला थर चढवतात, खरवडत कोणी नाही. आम्ही धंद्यात आहोत, आम्हाला माहीत असतं. आज जोतं खाली घेतलं तर उद्या तुमच्या गाड्या पाण्यात. या गल्लीतच बघा की, निम्मे तळमजले गाडले गेलेत."

चष्मेवाले हळूहळू उभे राहिले. गुडघे वाजले. या कुरकुरण्याचा त्यांना एरवी राग यायचा. आज ते नगाऱ्यासारखं वाटलं.

"पुन्हा बोला," ते म्हणाले.

"काय?"

"काय वर येतो?"

"रस्ता," विकासक गोंधळून म्हणाले.

"मोठ्याने!"

"रस्ता! रस्ता वर येतो!"

"इंजिनिअरसाहेब," चष्मेवाले वळले, "ऐकलंत? की हेही मीच म्हणालो?"

इंजिनिअरला खोकला आला. मऊ माणसांचा खोकलाही मऊ असतो. सेक्रेटरींच्या लक्षात एव्हाना सगळं आलं होतं. ते धडपडत उठले. "चष्मेवाले, बसा. बसा हो खाली. विषय तो नाहीये."

"विषय तोच आहे! पहिल्या दिवसापासून तोच आहे! रस्ता वर आला असेल तर इमारत खचलेली नाही. इमारत खचलेली नसेल तर धोकादायक नाही. मग ही लाल पाटी खोटी आहे आणि ही पेटीही उचला!"

"अहो, पण आमची बाग!" काकू किंचाळल्या.

"पाणी माझ्या घरात शिरतं तेव्हा मी बाग करतो का तिथे?" चष्मेवाल्यांचा आवाज फाटला. "मला चौदावा मजला नको! मला माझा तळमजला हवाय! तळमजला म्हणजे जमिनीवरचा! जमिनीखालचा नव्हे!"

विकासकांनी मदतनिसांना खूण केली. धंद्यातला माणूस, वारा कुठला आहे ते त्याला कळतं. पेटी उचलली गेली. कापसाचं एक झाड आत आडवं झालं.

इंजिनिअर गुपचूप निघाला होता, पण फाटकात चष्मेवाल्यांची बायको उभी होती. एवढ्या लोकांसमोर त्याला कबूल करावं लागलं की इमारतीची तपासणी पुन्हा करून घेतो. तीच दोन माणसं पुन्हा आली. या वेळी त्यांनी ओळंबा लावला, भिंती ठोकल्या, छत पाहिलं. एक तडा निघाला नाही.

"हे मागच्या वेळी का नाही बघितलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मागच्या वेळी खचल्याची तक्रार होती," दुर्बिणवाला म्हणाला. "तडा गेल्याची नव्हती."

लाल पाटी निघाली. तिच्याबरोबर सगळ्या इमारतीचं बोलणंही निघून गेलं. जिन्यात समोरासमोर आले तर सेक्रेटरी भिंतीकडे बघायचे. वकील भेटले की डोळे मिटून घ्यायचे, अगदी चालता चालतासुद्धा, आणि एकदा त्यामुळे त्यांची पायरी चुकली. काकू वरून झाडांना पाणी घालायच्या ते नेमकं चष्मेवाले बाहेर पडताना.

आणि रस्ता? त्याचा आदेश आधीच निघालेला होता. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी यंत्रं आली, खडीचे ढीग पडले, आणि जुन्या थरावर नवा थर चढवायची तयारी सुरू झाली.

चष्मेवाल्यांनी बैठकीतली लाकडी खुर्ची उचलली, वर रस्त्यावर नेली आणि ते यंत्राच्या पुढ्यात ती मांडून बसले. मुकादम आला, त्याने विनवलं, मग तो ओरडला. चष्मेवाले हलले नाहीत. थोड्या वेळाने दुसरी खुर्ची आली. बायको ती एक एक पायरी ओढत वर आणत होती. ते धावले.

"तू कशाला आलीस? गुडघा!"

"तुम्हाला एकट्याला बसवलं तर कोणीतरी चहा देईल आणि तुम्ही उठाल," ती म्हणाली आणि बसली.

इंजिनिअर आला. वाहनं दोन्हीकडे अडली होती, भोंगे वाजत होते, माणसं जमली होती. "काकू, उठा हो, प्लीज."

"मी उठले असते रे बाळा," ती शांतपणे म्हणाली. "पण माझा गुडघा उठायला तयार नाही. तुमच्या रस्त्यावर चढून चढून गेलाय तो. आधी रस्ता खाली घ्या, मग त्याला विचारू."

जमलेल्या लोकांत कोणीतरी हसलं. मग समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा शिंपी आपलं स्टूल घेऊन आला. त्याच्या दुकानातही पाणी शिरायचं. मग किराणावाल्याची आई आली, तिला पोतं अंथरून दिलं. या गल्लीत किती माणसं रस्त्याच्या खाली राहतात ते चष्मेवाल्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांत त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं.

शेवटी इंजिनिअरने फोन फिरवला आणि दुपारी खरवडायचं यंत्र आलं. गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जुने थर निघाले. एकाखाली एक, जणू सगळ्या कंत्राटदारांची वंशावळ. मग नवा रस्ता झाला, आणि तो चष्मेवाल्यांच्या उंबऱ्याच्या खाली राहिला. फार खाली नाही. वीतभर. पण खाली.

नवा रस्ता आठवडाभर सुखाने नांदला. मग पाण्याच्या खात्याची माणसं आली आणि त्यांनी सेक्रेटरींच्या गाडीच्या तोंडापुढे खोल चर खणला, त्याला फळी लावली आणि निघून गेली.

संध्याकाळी दार वाजलं. चष्मेवाल्यांनी उघडलं. बाहेर सेक्रेटरी. इतक्या दिवसांनी भिंतीऐवजी समोर बघत होते, आणि ते त्यांना जड जात होतं.

"गाडी अडकलीय," ते म्हणाले. "आत. निघत नाही. ऑफिसात फोन केला तर म्हणतात लेखी द्या. तुम्हाला त्या खिडक्या-बिडक्या माहीत आहेत, म्हणून म्हटलं..."

चष्मेवाल्यांच्या तोंडावर सगळी उत्तरं आली. त्यात केक होता, पायजमे होते, दूरदृष्टी होती. दार आपटावं असं त्यांना मनापासून वाटलं. आतून बायको भांडी लावायची थांबली होती. ती ऐकत होती.

"उद्या सकाळी दहाला," चष्मेवाले शेवटी गुरगुरले. "दाढी पूर्ण करून या. कुठल्या सदरात टाकायचं ते मी सांगतो. पण बोलायचं तुम्ही. मी फक्त शेजारी उभा राहून चिडणार आहे."